पाचव्या पानावरचा विजय

फेब्रुवारी १९६६ ही तारीख मुखपृष्ठावर घेऊन ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या अमेरिकन चित्रमासिकाचा ३३वा अंक जेव्हा तिकडच्या विक्रेत्यांच्या फळ्यांवर येऊन पडला, तेव्हा १२ सेंट मोजून तो विकत घेणाऱ्या कोणत्याही शाळकरी मुलाला कथेचा शेवट अंक उघडण्यापूर्वीच ठाऊक होता. मुखपृष्ठावर नायक एका अजस्र यंत्राखाली दबून पडलेला होता आणि पाण्याचे लोट आत घुसत होते, हे खरे; परंतु ज्या मासिकाला नायकाचेच नाव दिलेले आहे, आणि ज्याचा ३४वा अंक पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणे निघणार आहे, त्या मासिकात नायक बुडून मरेल अशी शंका दहा वर्षांच्या पोरालाही शिवली नसेल. तो सुटणार, ज्या औषधासाठी त्याने जिवाचे रान केले ते वेळेवर पोहोचणार आणि त्याची म्हातारी काकू वाचणार, हे सारे ठरलेलेच होते. असे असूनही या अंकाची पहिली पाच पाने साठ वर्षांनंतरही अमेरिकन चित्रकथेतील अत्युत्कृष्ट पानांमध्ये गणली जातात, आणि मी स्वतः ती जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा माझ्या मुठी नकळत आवळल्या जातात. जिचा निकाल आधीच लागलेला आहे अशा झुंजीने वाचणाऱ्याचा श्वास का कोंडावा, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांपासून सतावीत आला आहे. आणि जसजसा मी त्याचा विचार करीत गेलो तसतशी माझी खात्री होत गेली की निकाल आधी लागलेला असणे हेच त्या पानांच्या सामर्थ्याचे एक कारण आहे.

या ठरलेपणामागे केवळ धंद्याची निकड नव्हती. त्याला लेखी हुकमाचेही पाठबळ होते. १९५४ साली अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीने चित्रकथा आणि बालगुन्हेगारी यांच्या संबंधाची जाहीर चौकशी चालवली. त्याच वर्षी फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात चित्रकथांवर मुले बिघडवल्याचा आरोप ठेवला. आणि सरकारी कायद्याचा बडगा उगारला जाण्याच्या आत प्रकाशकांनीच एकत्र येऊन ‘कॉमिक्स कोड’ नावाची एक नियमावली स्वतःवर लादून घेतली. या नियमावलीच्या मंजुरीचा शिक्का मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात नसेल तर बहुतेक वितरक अंकाला हात लावीत नसत. तिच्यातील एक कलम असे होते की प्रत्येक प्रसंगी सत्प्रवृत्तीचा दुष्प्रवृत्तीवर विजय झालाच पाहिजे आणि गुन्हेगाराला त्याच्या कृत्यांचे शासन मिळालेच पाहिजे. म्हणजे कथा कोठे संपवावी हे ठरवणे लेखकाच्या अखत्यारीत उरलेच नव्हते. एखाद्या सामान्य वकुबाच्या लेखकाने अशा परिस्थितीत काय केले असते, आणि शेकडो लेखकांनी काय केले, ते त्या काळची रद्दी चाळली की दिसते: शेवट हातचा गेला म्हणून त्यांनी मधल्या वाटेवर चमत्कारांची आणि फसव्या वळणांची गर्दी केली, आणि एवढी धावपळ करून वाचक पोहोचला तो त्याच मुक्कामाला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को यांनी मात्र शेवटाची ही सक्ती मुकाट्याने, किंबहुना मनापासून, मान्य केली, आणि ‘काय होणार’ या चिंतेतून मोकळे झालेले वाचकाचे सगळे लक्ष एका माणसाकडे वळवले.

तो माणूस म्हणजे पीटर पार्कर. ऑगस्ट १९६२च्या एका मासिकात अवघ्या ११ पानांच्या कथेत तो प्रथम अवतरला. किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाने अंगी अलौकिक शक्ती आलेल्या या पोरक्या मुलाने एका पळत्या चोराला अडवण्याचे श्रम घेतले नाहीत, आणि त्याच चोराने पुढे त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या बेन काकांचा खून केला, ही त्याची जन्मकथा. तेव्हापासून घरात दोघेच उरली: तो आणि सदैव प्रकृतीने नाजूक असलेली मे काकू. डिसेंबर १९६५च्या ३१व्या अंकात पीटर विद्यापीठात पहिले पाऊल टाकतो, आणि नेमक्या त्याच वेळी काकू अत्यवस्थ होऊन इस्पितळात दाखल होते. ३२व्या अंकात तिच्या दुखण्याचे मूळ कळते. पूर्वी एका शस्त्रक्रियेच्या वेळी पीटरने तिला स्वतःचे रक्त दिले होते, आणि त्याच्या रक्तातला किरणोत्सार आता तिच्या शरीरात विष होऊन पसरतो आहे. डॉक्टर कॉनर्स हा शास्त्रज्ञ एका दुर्मिळ द्रव्याचे नाव सुचवतो. ते मागवले जाते. आणि वाटेतच ‘मास्टर प्लॅनर’ या अज्ञात सूत्रधाराची टोळी ते पळवते. सूत्रधार म्हणजे जुना वैरी डॉक्टर ऑक्टोपस. पीटर शहरातले सगळे चोरअड्डे पालथे घालीत अखेर नदीच्या पाण्याखालच्या त्याच्या गुप्त स्थानापर्यंत पोहोचतो, तेथल्या झटापटीत यंत्रे कोसळतात, आणि औषधाची नळकांडी हाताच्या अंतरापलीकडे पडलेली असताना तो लोखंडाच्या डोंगराखाली अडकतो.

कथानकाचा हा सांगाडा कोणी कोर्टात उलटतपासणीला उभा केला तर तो क्षणभरही टिकणार नाही. एवढ्या मोठ्या शहरात पीटरच्या काकूला हवे असलेले औषध पीटरच्याच वैऱ्याने का पळवावे? औषध येण्याचा आणि टोळीच्या लुटीचा मुहूर्त एकच का असावा? योगायोगाचा असा उघडा वापर पाहून चोखंदळ वाचक नाक मुरडतो, आणि त्याचे नाक मुरडणे वाजवीही आहे. परंतु याच सांगाड्यात रक्ताची जी हकीकत गुंफली आहे तिच्याकडे नीट पाहावे. बेन काका मेले ते पीटरच्या उदासीनतेमुळे. मे काकू मरणाच्या दारी आली ती त्याच्या प्रेमामुळे. पहिल्या खेपेला त्याने जे करायला हवे होते ते केले नाही. दुसऱ्या खेपेला जे करायला हवे होते ते त्याने तत्काळ आणि स्वतःचे रक्त देऊन केले, आणि तरीही पातक त्याच्याच पदरी आले. ज्या कथेला लोक पोरांची करमणूक म्हणतात तिने येथे एका विलक्षण कठोर नैतिक प्रश्नाला हात घातला आहे: चांगला हेतू आणि चांगली कृती या दोन्ही गोष्टी असूनही माणूस आपल्या माणसाच्या नाशाला कारण होऊ शकतो काय, आणि झाला तर त्याने स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहावे? औषध आणि चोर यांची गाठ घालून देणारा योगायोग मला सहज क्षम्य वाटतो, कारण लेखकाने तो नायकाला सोडवण्यासाठी वापरलेला नाही. त्याला या प्रश्नाच्या तोंडी देण्यासाठी वापरला आहे.

३१व्या अंकातला एक लहानसा प्रसंग मला त्या प्रसिद्ध पाच पानांइतकाच मोलाचा वाटतो. विद्यापीठातला पहिला दिवस. हॅरी ऑस्बॉर्न आणि ग्वेन स्टेसी या दोघांची या मालिकेशी पहिली ओळख येथेच होते. ग्वेन कुतूहलाने पीटरकडे पाहते, इतर मुले बोलू पाहतात. पण काकूच्या चिंतेने व्यापलेला पीटर मान खाली घालून त्यांच्यामधून निघून जातो. त्याने त्यांना टाळलेलेही नाही. ती माणसे त्याच्या नजरेच्या कक्षेतच आलेली नाहीत. मुले अर्थातच निष्कर्ष काढतात की हा मोठा गर्विष्ठ आहे. कथानकाच्या दृष्टीने या प्रसंगाची काडीचीही गरज नाही, तो गाळला तरी औषध, चोर आणि लोखंड यांत काही फरक पडत नाही. आणि तरीही तो वाचताना मला ज्या खरेपणाची जाणीव होते ती मोठमोठ्या कादंबऱ्यांतही क्वचित होते.

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. माझी आजी विषमज्वराने अंथरुणाला खिळली तेव्हा रात्र रात्र तिच्या उशाशी जागून ते सकाळी वेळेवर कचेरीत हजर होत, दफ्तर उघडून बसत, आणि दिवसभरात कामापलीकडे शब्द बोलत नसत. त्याच सुमारास बदलून आलेल्या एका तरुण कारकुनाने मनाशी पक्के केले की हा गृहस्थ भारी शिष्ट आहे. नमस्कार केला तर मान हलवीत नाही, चहाला हाक मारली तर कागदातून डोके वर काढीत नाही. पुढे ते दोघे जन्माचे स्नेही झाले. ते कारकून आमच्या ओसरीवर बसून ही हकीकत सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात दर खेपेला कातरता येई, आणि वडील मात्र गोंधळून विचारीत, “तुम्ही मला नमस्कार केला होता?” त्यांना ते खरोखरच आठवत नसे. डिट्कोने रेखाटलेला तो मान खाली घालून चाललेला विद्यार्थी मी प्रथम पाहिला तेव्हा मला कचेरीत टेबलाशी बसलेले माझे वडील दिसले. दुःख माणसाला बाहेरून कसे दिसते आणि आतून कसे असते, या दोहोंमधले अंतर ज्याने एवढ्या थोड्या रेषांत दाखवले, त्याच्या कथेत शेवट ठरलेला आहे की नाही याची फिकीर मी का करावी?

आता ती पाच पाने. पहिल्या पानावर नायक अडकलेला, समोर नळकांडी, आणि छपरातून ठिबकणारे पाणी. पुढच्या चौकटींमध्ये तो प्रयत्न करतो आणि हरतो, पुन्हा करतो आणि पुन्हा हरतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्पायडर-मॅनचा चेहरा पूर्णपणे मुखवट्याने झाकलेला असतो. इतर नायकांचे निदान ओठ दिसतात, हनुवटी दिसते, याचे काहीच दिसत नाही. भावना दाखवण्याचे जे मुख्य साधन चित्रकाराच्या हाती असते तेच डिट्कोने या पात्रापुरते आरंभीच स्वतःकडून काढून घेतले होते. म्हणून या पानांवर जे काही आहे ते देहाच्या ठेवणीतून आलेले आहे: जमिनीला टेकलेले तळवे, खांद्यांमध्ये खचलेली मान, ताणल्या जाणाऱ्या पाठीची कमान. एका चौकटीतला हात आणि पुढच्या चौकटीतला हात यांत बोटाच्या पेराएवढा फरक असतो, आणि त्या पेरात सगळा पुरुषार्थ सामावलेला असतो. बेन काकांची आणि मे काकूची मुद्रा त्याच्या मनश्चक्षूंपुढे उभी राहते. एकदा आपण कमी पडलो, आता पुन्हा पडता कामा नये, हा त्याचा निश्चय शब्दांतून येतो. आणि या सबंध काळात चौकटी हळूहळू वाढत जातात. आरंभी त्या लहान आणि दाटीवाटीच्या, जणू कागदच त्याला चेपतो आहे; मग जसजसे ओझे हलते तसतशा त्या रुंद आणि उंच होत जातात, आणि पाचव्या पानावर एकच एक चित्र उरते, ज्यात तो ते लोखंड डोक्यावर उचलून ताठ उभा राहिलेला आहे. पान उलटण्यापूर्वी आपण ज्या कोंडीत होतो तिच्यातून आपलीही सुटका झाल्याचे वाचकाला शरीराने जाणवते. या चित्रकाराने मासिकाच्या पानाचा उपयोग एखाद्या कवीने वृत्ताचा करावा तसा केला आहे.

आणि हे पाचवे पान आहे! कथा एकंदर २० पानांची. ज्याला वाचकाला ताटकळत ठेवायचे असते तो हा क्षण अठराव्या-एकोणिसाव्या पानावर नेऊन ठेवतो, त्याच्या आधी नाना अडथळे रचतो, आणि विजयाबरोबर पडदा पाडतो. डिट्कोने सगळ्यात मोठा विजय पाचव्या पानावर संपवून टाकला. उरलेल्या पानांत काय आहे? थकलेला माणूस आहे. वरून पाणी कोसळते आहे, बाहेर पडावे तर टोळीचे लोक वाटेत दबा धरून आहेत, आणि जवळपास शुद्ध हरपलेल्या अवस्थेत, केवळ सवयीने आणि हट्टाने तो लढत राहतो. डॉक्टर ऑक्टोपसशी अखेरचा सामना असा होतच नाही. तीन अंकांचा खलपुरुष शेवटच्या अंकात जवळजवळ अप्रस्तुत ठरतो, कारण खरा सामना लोखंडाशी होता आणि त्याहून अधिक स्वतःशी होता. मग प्रयोगशाळा. औषध हाती आले म्हणून पीटर धावत इस्पितळात जात नाही. ते आधी रक्ताच्या नमुन्यावर तपासून पाहिले जाते, आणि त्या मिनिटांचा सावकाशपणा मला फार परिणामकारक वाटतो, कारण एकदा आपल्याच रक्ताने घात केल्यावर हा मुलगा आता काहीही गृहीत धरायला तयार नाही. मग इस्पितळ, मग ‘डेली ब्युगल’ या वृत्तपत्राच्या जेमसनला छायाचित्रे विकणे, कारण काकू वाचली तरी घर चालवणे चुकत नाही. आणि तेथेच त्याची प्रेयसी बेटी ब्रँट. त्याचा मार खाल्लेला चेहरा पाहून तिच्या मनातले जुने भय उफाळून येते. तिचा भाऊ अशाच धोक्याच्या आयुष्यापायी गेलेला. आणि ती त्याच्यापासून दूर पळते. पीटर तिला थांबवत नाही. ज्या दिवशी त्याने अशक्य ते उचलून दाखवले त्याच दिवशी त्याचे पहिले प्रेम त्याच्या हातून कायमचे निसटते, आणि विजयाचा उत्सव असा या अंकात कोठेच नाही.

शेवट ठाऊक असलेली कथा रंगवण्याच्या कलेचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’ लिहिले तेव्हा सीतात्यागाची कथा ठाऊक नसलेला एकही प्रेक्षक रंगमंडपात नसणार. त्याचा पहिलाच अंक चित्रदर्शनाचा आहे: लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच गतायुष्याची चित्रमालिका दाखवतो. म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक असलेली कथा, पात्रांनाही ठाऊक असलेली कथा, आणि तीही एकापुढे एक मांडलेल्या चित्रांतून. ‘पुढे काय’ या प्रश्नाला तसूभरही जागा कवीने ठेवलेली नाही. आणि त्या निरुंद जागेत त्याने काय काय भरले आहे! सीता चित्रांतल्या एका स्त्रीकडे बोट दाखवून ही कोण म्हणून विचारते, आणि ती उर्मिला असल्यामुळे लक्ष्मण लाजून विषय बदलतो. शूर्पणखेचे चित्र येताच सीता भयाने कासावीस होते, आणि रामाला तिला सांगावे लागते की अगं, हे तर चित्र आहे. जो विरह भोगून संपला त्याची धास्ती अजून तिच्या अंगातून गेलेली नाही, आणि जो पुढे यायचा आहे त्याची चाहूल फक्त आपल्याला आहे. प्रेक्षकाचे ज्ञान भवभूतीने नाटकाच्या आड येऊ दिलेले नाही. त्याने त्याचाच करुण रसासाठी उपयोग करून घेतला. न्यूयॉर्कच्या त्या दोघा कलावंतांनी भवभूती वाचला असण्याचे कारण नाही, आणि त्यांची कृती त्याच्या पंक्तीला बसवण्याचा माझा आग्रहही नाही. परंतु रस हा वृत्तांतात नसून भाव अनुभवणाऱ्या पात्रात असतो, ही गोष्ट ज्यांना आपापल्या वाटेने सापडली त्यांच्यात मला एक दूरचे गोत्र जाणवते.

ली आणि डिट्को यांच्या कामाची रीतही सांगण्याजोगी आहे. त्या काळी त्यांच्या प्रकाशनसंस्थेत आधी कथेची रूपरेषा ठरे, मग चित्रकार संपूर्ण अंक चितारून आणी, आणि संवाद त्यानंतर भरले जात. ३१ ते ३३ या अंकांच्या सुमाराला रूपरेषा रचण्याचे कामही डिट्कोकडेच होते आणि अंकात तशी नोंद छापली जाई. ली आणि तो यांच्यातले बोलणे तर जवळपास बंदच झाले होते. म्हणजे एकाने निःशब्द चित्रे रचायची आणि दुसऱ्याने, त्याला न भेटता, त्या चित्रांतल्या माणसाच्या तोंडी वाणी घालायची. लीची भाषा अनेकदा भडक असते, चित्रात जे ढळढळीत दिसते तेच तो शब्दांत पुन्हा सांगतो, आणि त्या पाच पानांवरचे काही मजकूर पुसून टाकले असते तर चित्रांना अधिक मोकळा श्वास मिळाला असता असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण पीटरचा स्वतःशी चाललेला संवाद, त्याची स्वतःला दूषणे देण्याची आणि त्याच श्वासात स्वतःला चुचकारण्याची लकब, ही लीची देणगी आहे. ती नसती तर मुखवट्याआडचा तो देह कोणाचा आहे हे आपल्याला एवढ्या जिव्हाळ्याने कळले नसते. ३८व्या अंकानंतर डिट्को ही मालिका सोडून गेला. दोघेही २०१८ साली निवर्तले. कोणाचा वाटा किती, याचा वाद त्यांच्या चाहत्यांत अजून चालू आहे, आणि मला त्यात कोणाच्याही बाजूने साक्ष द्यायची नाही.

ठरलेला शेवट मोडला तर काय होते, याचा दाखला याच मालिकेत आहे. १९७३ साली, जेरी कॉनवे हा लेखक आणि गिल केन हा चित्रकार असताना, १२१व्या अंकात एव्हाना पीटरची प्रेयसी झालेली ग्वेन स्टेसी मेली. ग्रीन गॉब्लिन या खलपुरुषाने तिला पुलावरून खाली ढकलले, नायकाच्या जाळ्याने तिला अधांतरी पकडले, आणि त्याच झटक्याने तिची मान मोडल्याचे सुचवणारा एक बारीकसा ध्वनिदर्शक शब्द चित्रात उमटला. कथेचे शीर्षकच रहस्य फोडणारे असल्यामुळे ते अखेरच्या पानावर छापले होते. नायकाने धाव घेतली की माणूस वाचतो, हा आजवरचा करार त्या रात्री फाडला गेला, आणि तेव्हाच्या वाचकांना बसलेला धक्का खोटा नव्हता. मात्र धक्का हा एकदाच बसतो. आज ज्याला ती गोष्ट ऐकून माहीत आहे तो १२१वा अंक उघडतो तेव्हा त्याच्यापाशी धक्का उरलेला नसतो, आणि मग तो अंक काहीसा विरळ वाटतो. याउलट १२२व्या अंकाचे शेवटचे पान अजून तसेच ताजे आहे. सूडाचा प्रवास नेहमीच्या वाटेने संपलेला आहे, खलपुरुष स्वतःच्याच यानाने मारला गेला आहे, पीटर सुन्न होऊन घरी परतला आहे. आणि तेथे मेरी जेन आहे, जी आजवर केवळ हसणारी, नाचणारी, कशाचेच ओझे न घेणारी मुलगी म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पीटर तिला तोडून बोलतो, जायला सांगतो. ती दाराशी जाते, दार उघडते, क्षणभर थांबते, आणि दार आतून लावून घेते. ती का राहिली हे कोणी सांगत नाही. या मुलीविषयी जे जे आपण समजत होतो ते सगळे त्या एका कृतीने बदलते, आणि हे घडायला कोणत्याही रहस्याची गरज पडलेली नाही.

पाचव्या पानावरचे ते उचलणे पुढे अनेकांनी पुन्हा पुन्हा चितारले. २०१७च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ या चित्रपटातही नायक ढिगाऱ्याखाली अडकतो, घाबरतो, आणि बळ एकवटून उठतो. प्रसंग मन लावून चित्रित केलेला आहे आणि त्या तरुण नटाची भीती खरी वाटते. पण त्या ढिगाऱ्याखाली काकूसाठीचे औषध नाही, आणि तिच्या नसांतून वाहणारे पुतण्याचे रक्त नाही. ओझे फक्त सिमेंटचे आहे. म्हणून या मालिकेविषयी विचारणाऱ्या तरुण मंडळींना मी नेहमी एकच सांगतो. ३३व्या अंकाची ती पाच पाने सुटी काढून पाहू नयेत, मग ती कितीही सुंदर असोत. ३१व्या अंकापासून सुरुवात करावी, औषध मिळणार हे मनाशी आधीच पक्के धरून चालावे, आणि विद्यापीठाच्या आवारात ग्वेन स्टेसी ज्या मुलाकडे पाहते आहे त्याच्याकडे घाई न करता पाहत राहावे.